ओल्या हळदीत भूतान: आमच्या लग्नाचं, चंपाषष्ठीचं आणि हनिमूनच्या तारखांचं प्रकरण

हनिमूनला कुठं जायचं यावरून आमच्याकडे एकदाही वाद झाला नाही, वाद झाला तो कधी जायचं यावरून, आणि तो इतका चालला की एका टप्प्यावर लग्नापेक्षा जास्त मीटिंगा हनिमूनच्या झाल्या. हल्ली मैत्रिणी विचारतात तुम्ही एवढं सगळं बसवलं कसं, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते.

तर परिस्थिती अशी. माझं माहेर चिपळूण, सासर फलटण, नोकऱ्या दोघांच्या पुण्यात, म्हणून लग्नही पुण्यातच, खर्च निम्मा निम्मा. तुळशीची लग्नं लागली की जे मुहूर्त सुरू होतात त्यातला कार्तिकाच्या शेवटाचा आम्हाला मिळाला, कारण हॉल त्याच दिवशी रिकामा होता (गुरुजींना आधी हॉलची तारीख सांगायची आणि मग ते मुहूर्त शोधतात, हे आता उघड गुपित आहे). भूतान आम्ही साखरपुड्याच्या आधीपासून ठरवलेलं. डिसेंबरात तिकडे आभाळ स्वच्छ असतं आणि बर्फाची शिखरं दिसतात हे एक, आणि दुसरं म्हणजे नवऱ्याच्या पासपोर्टची मुदत सहा महिन्यांच्या आत आलेली, त्यामुळं बाकीचे देश बादच. भूतानला भारतीयांना सहा महिने मुदत असलेला पासपोर्ट नाहीतर मतदार ओळखपत्र, दोन्हीपैकी काहीही चालतं. आधार चालत नाही, हे मात्र बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता सासरची बाजू. कुळदैवत जेजुरीचा खंडोबा, कुळदेवी तुळजाभवानी. आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून चंपाषष्ठीपर्यंत खंडोबाचं नवरात्र, घरात घट बसतो, रोज माळ, शेवटच्या दिवशी भरीत-रोडगा आणि तळी भरणं. म्हणजे आमचं लग्न झालं की आठवड्याभरात घट. पहिल्याच वर्षी नवी सून घटाला घरात नाही म्हणजे काय! शिवाय लग्नानंतरचा सत्यनारायण, जेजुरी, तुळजापूर, जागरण-गोंधळ, माझ्या माहेरची मांडवपरतणी, मार्गशीर्षातले गुरुवार, आणि या सगळ्याच्या डोक्यावर ऑफिसची रजा, जी ३१ डिसेंबरला लॅप्स होणार होती.

आमचा मूळ प्लॅन लग्नाच्या तिसऱ्या दिवशी फ्लाइट असा होता. तो फुटला आत्येसासूबाईंकडच्या केळवणात. पुरणपोळीवर तूप वाढता वाढता त्यांनी सहज विचारलं, मग कुठं निघालाय फिरायला, नवऱ्यानं सांगितलं भूतान, तारीख सांगितली, आणि तुपाची वाटी तिथंच थांबली.

"ओल्या हळदीच्या पोरीला भुताच्या देशात न्हेतोस व्हय रं?"

"आत्या, भूतान. भूत नाही."

"तेच की. आधी देवाच्या पाया पडा, घट उठूद्यात, मग भूतानला जावा न्हाईतर फितानला जावा, मी काय अडवत न्हाई."

सगळे हसले, नवरा जरा चिडला, आणि घरी येताना गाडीत आमचं पहिलं खरंखुरं भांडण झालं. त्याचं म्हणणं, आत्ताच मान्य केलं तर आयुष्यभर हेच चालणार. माझं म्हणणं असं की आत्या जाऊ नका म्हणाल्याच नाहीत, त्यांनी फक्त क्रम सांगितला. आधी देव, मग फिरणं. मला अजूनही वाटतं की आपल्याकडे हनिमूनवरून जी कुरबूर होते त्यातली निम्मी या फरकाकडे लक्ष न दिल्यानं होते, मुलं समजतात यांना आपलं जाणंच नकोय आणि मोठी माणसं समजतात यांना आपला देवच नकोय.

तोडगा निघाला तो सासूबाईंमुळं. त्या फार बोलत नाहीत, पण पुढच्या रविवारी त्यांनी भिंतीवरचं कालनिर्णय काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, यातलं काय हलतं आणि काय हलत नाही ते आधी बघू. बास, एवढ्या एका वाक्यानं सगळं सोपं झालं. चंपाषष्ठी तिथीनं येते, ती हलत नाही. जेजुरी प्रवासाच्या आधी झालीच पाहिजे, पण दिवस आपण निवडायचा. तुळजापूर हलतं, कारण पौषात शाकंभरी नवरात्र असतं आणि तेव्हा जाऊन ओटी भरली तर उलट चांगलंच, असं खुद्द आत्यांनीच फोनवर सांगितलं. जागरण-गोंधळ तर हलतोच, कित्येक घरांत तो वर्षभरानं घालतात. गुरुवारचं काय, तर घट सासूबाई मांडणार, मी जिथं असेन तिथं उपास करायचा आणि मांसमच्छी खायची नाही. सत्यनारायण लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, फलटणला.

राहिली मांडवपरतणी. माझी आई तोवर गप्प होती, मग म्हणाली, "सगळे देव त्यांचेच, माझ्या वाट्याला एक मांडवपरतणी, ती तरी नीट करू द्या." ती म्हणाली ते खरंच होतं. कुठल्याही नवीन जोडप्याच्या कॅलेंडरमध्ये मुलीच्या माहेराला उरलेसुरले दिवस मिळतात, आणि हे कुणी मुद्दाम करतं असंही नाही, तसंच चालत आलेलं असतं. शेवटी सत्यनारायण आणि घट यांच्यामधले दिवस चिपळूणला दिले, आणि सासूबाईंनीच सुचवलं की जेजुरी चिपळूणहून परत आल्यावर करा, म्हणजे माहेरचे दिवस कापले जाणार नाहीत. फ्लाइट चंपाषष्ठीनंतर. आधी केलेलं बुकिंग रद्द करण्यात पैसे गेले, विमान कंपनीनं जवळजवळ काही परत दिलं नाही, ते दुःख आहेच.

लग्नाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांची लग्नं तशीच असतात. सीमांतपूजन, गौरीहर, मामा पाठीशी, मंगलाष्टकांत दोन मावश्यांनी स्वतः रचलेली कडवी घुसवली, त्यातलं एक कडवं वृत्तात बसेना म्हणून तिनं ते ओढून ओढून म्हटलं आणि तोवर अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आले. भावानं कान पिळला, जरा जोरातच पिळला. आणि एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, हार घातले, आणि मग फोटोग्राफर म्हणाला की मधे कुणाचा तरी मोबाईल आला, एकदा परत करा. अंतरपाट परत धरला, आम्ही परत हार काढले, परत घातले. अल्बममध्ये जो क्षण आहे तो दुसरा आहे, पहिला कुणाकडेच नाही.

जेजुरीला आम्ही मुद्दाम मधल्या वारी गेलो, रविवार खंडोबाचा वार म्हणून तुफान गर्दी आणि चंपाषष्ठीच्या सहा दिवसांत तर विचारूच नका. नव्या नवऱ्यानं बायकोला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात. मी नऊवारीत, डोक्यावर पदर, हातात हिरवा चुडा, आणि नवऱ्यानं आयुष्यात जिमचं तोंड पाहिलेलं नाही. खाली उभे असलेले अनोळखी लोकसुद्धा "येळकोट येळकोट जय मल्हार" ओरडायला लागतात, म्हणजे माघार घ्यायचा प्रश्नच नाही. तिसऱ्या पायरीवर त्याचा श्वास माझ्या कानात ऐकू येत होता, चौथीवर धाकटा दीर म्हणाला "दादा, सोड, पाच झाल्या", आणि आत्या मागून म्हणाल्या "चारच झाल्यात, मी मोजतीय". पाचवी झाली. वर गडावर भंडारा उधळला आणि तो केसांत, कानांत, माझ्या पर्सच्या चेनमध्ये जाऊन बसला.

घटाचे दिवस फलटणला काढले, आणि इथं माझं मत जरा जोरात सांगते. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी केसांतल्या पिना निघायच्या आत एअरपोर्टवर पळणं हा शुद्ध वेडेपणा आहे. लग्नाच्या आठवड्यात कुणाचीच झोप झालेली नसते, मुलीच्या पायांचे तुकडे पडलेले असतात, आणि नवीन माणसासोबत पहिल्यांदा सलग राहायचं ते अशा अवस्थेत. आम्हाला तिथीनं थांबवलं म्हणून का होईना झोप मिळाली. सकाळी माळ झाली की दुपारी काही काम नसायचं, सासूबाई आणि मी ओट्यावर वांगी भाजायच्या गप्पा करायचो (चातुर्मास पाळणाऱ्या घरात चंपाषष्ठीपर्यंत वांगं खात नाहीत, त्यामुळं त्या दिवशीच्या भरताला काय भाव असतो ते त्या घरातच कळतं). चहाची पावडर कुठं असते, सासरे कुठल्या विषयावर चिडतात, मोरीचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा, हे सगळं कळून मग मी प्रवासाला निघाले. परत येणार होते ते ओळखीच्या घरात, याचा फरक पडतो.

निघताना आहेराची पाकिटं फोडली. हे आमचं सगळ्यात हुशारीचं काम. भूतानचं चलन न्गुलट्रम, ते रुपयाला बरोबरीनं बांधलेलं आहे आणि आपल्या नोटा तिकडे सर्रास घेतात. आणि आहेरात मिळतं काय, तर शंभरच्या आणि पाचशेच्या कोऱ्या नोटा! कुणी किती दिले ते सासऱ्यांनी वहीत लिहून घेतलं (परतीचा आहेर करायचा असतो ना) आणि गठ्ठा आमच्या हातात दिला. पाकिटांवर चिकटवलेले एक एक रुपयाचे ठोकळे मात्र देवघरात राहिले.

खर्चाचं थोडं सांगते. भूतान सरकार पर्यटकांकडून रोजची फी घेतं, शाश्वत विकास शुल्क म्हणतात, सप्टेंबर २०२२ पासून भारतीयांना माणशी एका रात्रीचे १२०० रुपये. म्हणजे जोडप्याला रात्री २४०० नुसते तिथं असण्याचे, हॉटेल-गाडी वेगळं. महाग वाटतं, आणि आहेच, पण त्यामुळं गर्दी नाही, हॉर्न नाहीत, आणि व्ह्यू पॉइंटवर फोटोसाठी रांग लावून उभी असलेली पन्नास हनिमून जोडपी नाहीत. नावाबद्दल पण सगळे विचारतात. मी नाव बदललेलं नाही, माझं मतदार कार्ड माहेरच्या नावाचं, चिपळूणच्या पत्त्याचं, तिकीट त्याच नावाचं, परमिट त्याच नावाचं. नवराबायको असल्याचा पुरावा कुणी मागितला नाही. नाव बदलायचंच असेल तर ट्रिप झाल्यावर निवांत बदला, मधेच बदलून कागद एका नावाचे आणि तिकीट दुसऱ्या नावाचं असा घोळ कशाला.

पुण्याहून उत्तर बंगालमधलं बागडोगरा, मध्ये विमान बदलून. डिसेंबरात उत्तरेकडे धुकं, त्यामुळं पहिलं विमान उशिरा, दुसरं त्याहून उशिरा. बागडोगऱ्याहून डुआर्समधल्या चहाच्या मळ्यांतून सीमेवरच्या जयगावला पोचेपर्यंत रात्र झाली, मळे काही दिसलेच नाहीत. पण पहिली रात्र आम्ही मुद्दाम अलीकडे, भारतातच धरली होती, त्यामुळं त्या रात्रीची फी वाया जायचा प्रश्न आला नाही. जयगाव म्हणजे आपल्या कुठल्याही बाजारपेठेसारखं, रिक्षा, धूळ, हॉर्न. सकाळी कागदपत्रं करून सीमेच्या भिंतीपलीकडच्या, भूतानमधल्या फुंत्शोलिंगमध्ये गेलो आणि अक्षरशः आवाज बंद झाला. घड्याळ अर्धा तास पुढं. झेब्रा क्रॉसिंगवर गाडी आपण होऊन थांबली, नवरा इतका गोंधळला की तोच थांबून राहिला, ड्रायव्हर हातानं जा जा करतोय आणि हा उभा.

राजधानी थिंफू छान आहे पण ते पटकन आटपते, मला सांगायचंय ते पुनाखाबद्दल. वाटेत दोचुला खिंड लागते, साधारण ३१०० मीटर, तिथं १०८ छोटे स्तूप आणि समोर बर्फाच्या शिखरांची सगळी रांग, त्यात गांगखार पुनसुम, ७५७० मीटर, ज्यावर अजून कुणीही चढलेलं नाही आणि आता भूतानमध्ये गिर्यारोहणालाच बंदी आहे. तिथून खाली उतरलं की पुनाखा, उंची कमी, त्यामुळं डिसेंबरातही ऊन उबदार. फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर पुनाखा झोंग (झोंग म्हणजे किल्ला आणि मठ एकत्र), सतराव्या शतकातला, पांढऱ्या जाड भिंती आणि लाकडी कोरीव काम. भूतानच्या आत्ताच्या राजाचं लग्न १३ ऑक्टोबर २०११ ला इथंच लागलं. गाईडनं ते सांगितल्यावर नवरा म्हणाला, यांच्या फोटोग्राफरनं परत करायला लावलं असेल का.

आणि मग चिमी ल्हाखांग. हे देऊळ द्रुक्पा कुनले नावाच्या पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या अवलिया साधूशी जोडलेलं आहे, दारू, बायका, चावट गाणी यातून धर्म सांगणारा माणूस. त्याच्यामुळं त्या गावातल्या घरांच्या भिंतींवर भली मोठी रंगीत लिंगं काढलेली असतात, डोळे, रिबिनी सगळं काढून, दृष्ट लागू नये आणि भरभराट व्हावी म्हणून. आपण काळी बाहुली टांगतो, ते हे रंगवतात. पहिल्या घरासमोर मी लाजले, पाचव्या घरासमोर फोटो काढत होते. भाताच्या कापलेल्या खाचरांतून पंधरा-वीस मिनिटं चालत टेकाडावर गेलं की देऊळ. मूल व्हावं म्हणून लांबून जोडपी येतात. आत भिक्षूनं माझ्या डोक्यावर लाकडी लिंग आणि धनुष्यबाण टेकवून आशीर्वाद दिला, इतक्या शांतपणे, की हसायचं सोडून मी आपोआप पदर घ्यायला हात वर नेला, आणि अंगावर होतं जॅकेट.

बाहेर आलो तर आत्यांचा व्हिडिओ कॉल. कुठं आहात? देवळात. कुठल्या देवाचं? नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं, मी सांगून टाकलं, पोरंबाळं देणारा देव आहे आत्या. तिकडून पूर्ण शांतता, मग एकदम, "आगं मग आधी सांगायचं न्हाई का! नारळ न्हेला असता की!" त्या दिवसापासून भूतान हा आत्यांच्या लेखी चांगला देश झाला, भिंतींवरची चित्रं काही आम्ही कॅमेरा फिरवून दाखवली नाहीत.

गुरुवार पुनाखातच आला. उपास सोडायला लाल भात आणि एमा दात्शी, म्हणजे मिरच्या आणि चीज. मिरच्या तोंडी लावायला नाही हां, मिरच्यांचीच भाजी. ठेचा खाऊन वाढलेल्या फलटणच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं, चिपळूणची मी मात्र बटाट्याच्या केवा दात्शीवर खूश. लोण्याच्या मिठाच्या चहाबद्दल न बोललेलं बरं.

शेवटचा मोठा दिवस पारो तक्त्सांगचा, कड्यावर टेकवलेला तो मठ, फोटोत सगळ्यांनी पाहिलेला. १६९२ चा मठ, १९९८ ला आगीत जळाला आणि परत तसाच बांधला. खालून साधारण ५०० मीटर चढायचं आणि शेवटी शेकडो पायऱ्या आधी खाली मग वर. मी खालीच नवऱ्याला म्हटलं, पाच पायऱ्या उचल, प्रथा आहे. तो म्हणाला ती प्रथा भारतीय हद्दीपुरती आहे. पण खरी अडचण झाली ती जोडव्यांची. जाड मोजे, ट्रेकिंगचे बूट, आणि बोटात करकचून बसवलेली चांदीची जोडवी. अर्ध्या वाटेवर बूट काढला तर बोट लाल, सुजलेलं, जोडव्याची कडा शेजारच्या बोटात रुतून वळ उठलेला. आणि काढायला हात धजेना, कारण पहिल्या वर्षात जोडवी काढायची नसतात असं दहा जणींनी सांगितलेलं. शेवटी सासूबाईंना फोन लावला, रेंज होती नशिबानं. त्या म्हणाल्या, "काढ आणि पर्समध्ये ठेव, बोट तुटल्यावर कशात घालणारेस?" थुंकी लावून, फिरवून फिरवून काढली. पर्सच्या चेनमध्ये जेजुरीचा भंडारा होताच, जोडवी संध्याकाळी पिवळीधमक निघाली. वर मठात फोन-कॅमेरे नेऊ देत नाहीत, दाराशीच जमा करायचे, त्यामुळं आतला एकही फोटो नाही.

परत आल्यावर कागदांचं काम. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंदणी ९० दिवसांत करायची असते, उशीर झाला तर दंड, तीन साक्षीदार, लग्नपत्रिका आणि गुरुजींची सही लागते. गुरुजी सीझनमुळं सापडेनात, ते मिळाले तर साक्षीदारांतल्या एकाचा पत्त्याचा पुरावा सापडेना. तिसऱ्या साक्षीदार म्हणून आत्या आल्या, नवी साडी नेसून, आणि ऑफिसातल्या बाईंना स्वतःहून सांगितलं की पाचही पायऱ्या मी मोजल्यात.

तुळजापूर शाकंभरीत झालं. संक्रांतीला काळी साडी आणि हलव्याचे दागिने झाले, ते आईनं चिपळूणला केले, भांडून मिळवलेला सण. जागरण-गोंधळ अजून बाकी आहे, वाघ्या-मुरळीची पार्टी आत्या ठरवणार आहेत आणि तारीख काढताना यावेळी आमच्या रजा आधी विचारल्यात.